हप्ता आधी, घर मग

रविवारी तू आणि जावईबापू आलात, तेव्हा पिशवीतून आधी पेढे निघाले आणि त्यामागून ते गुळगुळीत माहितीपत्रक. टू बीएचके, ४८ लाख, ‘आज ९९ हजार भरा, घर बुक करा’. तुझा चेहरा इतका फुलला होता की मला मध्येच काही बोलवेना. तुम्ही गेल्यावर मात्र झोप लागली नाही. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी ३१ वर्षं काढली. कर्ज मंजूर झालं म्हणून हसत येणारी जोडपी पाहिली आणि तीन हप्ते थकल्यावर त्याच खुर्चीत मान खाली घालून बसलेलीही पाहिली. त्यांच्यात पगाराचा फरक क्वचितच असायचा. फरक तयारीचा असायचा.

म्हणून पहिली गोष्ट, आणि बाकीचं सगळं विसरलीस तरी ही विसरू नको: घराचा हप्ता घर घेण्याच्या आधी सुरू करायचा.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाचजण राहायचो. पगार रोख, पाकिटातून यायचा. सासूबाईंकडे पितळेचा जुना मिसळणाचा डबा होता, सात वाट्यांचा. त्याचं झाकण नीट बसेना म्हणून त्यांनी तो मसाल्यातून काढला आणि पैशाला लावला. एका वाटीत भाडं, एकीत वाणी, एकीत दूध, औषधं, गावाला पाठवायचे, सणवार. मधली वाटी घराची. पाकीट फुटलं की आधी मधली वाटी भरायची, मग बाकीच्या. दुधाचे पैसे कमी पडले तर औषधाच्या वाटीतून घ्यायची मुभा होती, मधल्या वाटीला हात लावायची नव्हती. एकदाच, दिराच्या ऑपरेशनला, त्यातून सव्वाशे रुपये काढले. तेव्हा सासूबाईंनी वाटीत चिठ्ठी टाकली, ‘सव्वाशे घेतले, दसऱ्यापर्यंत फेडायचे’. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सव्वाशे परत ठेवले आणि चिठ्ठी फाडली. दर तीन महिन्यांनी ती वाटी बँकेत रिकामी व्हायची. चार-साडेचार वर्षांत त्यातून ५० हजार उभे राहिले, ६० हजारांचं कर्ज काढलं साडेबारा टक्क्यांनी, आणि १९८७ मध्ये डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं. पहिला हप्ता भरताना घरात कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही, कारण तेवढे पैसे बाजूला काढायची सवय चार वर्षं लागलेली होती.

तुमचं गणित आता मांडते. वही घे.

तुम्ही आज १५ हजार भाडं भरता. ४८ लाखांच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत देईल, म्हणजे ३८ लाख धरू. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेनं ती मर्यादाच घातलेली आहे. साडेआठ टक्के दरानं २० वर्षांसाठी हप्ता बसतो ३२,९७७ रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स तीन हजार धर. म्हणजे घर घेतल्यावर दरमहा ३६ हजार जाणार. आजच्या भाड्याहून २१ हजार जास्त. मग हे २१ हजार येत्या पगारापासूनच वेगळ्या खात्यात टाका. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आपोआप वळते होतील असे. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणालात तर काही उरत नाही, हे मी शेकडो पासबुकांत पाहिलेलं आहे.

वर्षभर हे जमलं तर तुमचा हप्ता तुम्हाला पेलतो, हे बँकेआधी तुम्हालाच कळेल. सहाव्या महिन्यात दम लागला तर तेही कळेल, आणि तेव्हा पाऊल मागे घ्यायला एक पैसा दंड पडणार नाही. तीन वर्षं जमलं तर साडेसहा टक्के व्याज धरून सव्वाआठ लाखांच्या वर रक्कम होते. तुमच्याकडे आधीचे सहा लाख आहेतच. दिवाळीचा बोनस आणि पगारवाढीतली अर्धी वाढ त्यात घाला.

एवढे पैसे लागतात कशाला, असं जावईबापू विचारतील. बुकिंगचे ९९ हजार आणि बँकेचं कर्ज एवढंच त्यांना सेल्समननं सांगितलेलं असणार. आपल्या पदरचे २० टक्के म्हणजे ९ लाख ६० हजार. घर बांधकाम चालू असलेलं, म्हणून जीएसटी ५ टक्के, २ लाख ४० हजार. (४५ लाखांच्या आतलं आणि आपल्याकडे ६० चौरस मीटर कार्पेटच्या आतलं घर असतं तर १ टक्का पडला असता. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो लागतच नाही.) मुद्रांक शुल्क ७ टक्के, ३ लाख ३६ हजार. नोंदणी फी ३० हजार. बेरीज १५ लाख ६६ हजार. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. वर वकील, बँकेची फी, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, ग्रिल, पंखे, ओटा. १८ लाख हाताशी असल्याशिवाय या घराच्या वाटेला जाऊ नका. आणि घरातली सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम या १८ लाखांत मोजायची नाही, ती वेगळी.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे तुमचे ४८ हजार वाचतील. दोघांची नावं घातलीत तर मिळणार नाही. हा निर्णय दोघांनी समोरासमोर बसून करा. हप्ता दोघं भरणार असाल तर माझं मत दोघांच्या नावाचं आहे.

पैसे ठेवायचे कुठे? तीन वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारात नकोत. आवर्ती ठेव, मुदत ठेव, बस्स. एका बँकेत एका माणसाच्या ठेवीला व्याजासह ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे, म्हणून रक्कम वाढली की दोन-तीन बँकांत वाटा. आणि मी स्वतः सहकारात आयुष्य घातलं असूनही सांगते, घराचे पैसे एखादा टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून पतसंस्थेत ठेवू नका. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नसतो. भिशी लावलीस तर साडीची लाव.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. या तीन वर्षांत कुणालाही जामीन राहायचं नाही. मित्र असो, चुलतभाऊ असो. एक शिक्षक आमच्याकडे आले होते, स्वतःच्या डोक्यावर एक रुपया कर्ज नाही, तरी त्यांचा घराचा अर्ज अडला. मेव्हण्याच्या ट्रकच्या कर्जाला सही केली होती आणि मेव्हण्यानं हप्ते थकवले होते. ते सगळं शिक्षकांच्या पत अहवालात दिसत होतं. माणूस समोर बसून हातातली टोपी फिरवत राहिला, आणि मला काही करता आलं नाही. नात्यात कुणाला मदत करायचीच असेल तर झेपेल तेवढी रक्कम हातावर ठेवा, सही देऊ नका. मोबाइल, फ्रिज, सुट्टीची सहल यांचे हप्तेही घराच्या अर्जाआधी संपवा. बँक तुमच्या पगारातून ते आधी वजा करते आणि उरलेल्यावर कर्ज ठरवते.

कर्ज मंजूर होईल तेव्हा बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घे आणि त्याची पहिली ओळ वाच. बहुतेक लोक फक्त हप्त्याचा आकडा पाहतात. ३२,९७७ मधले २६,९१७ व्याजाचे असतील आणि मुद्दल फिटेल फक्त ६,०६०. वीस वर्षांत एकूण ७९ लाखांवर रक्कम जाईल. तेच कर्ज १५ वर्षांचं केलं तर हप्ता ३७,४२० होतो. महिना साडेचार हजार जास्त, पण एकूण सुमारे पावणेबारा लाख वाचतात. तेवढी ओढाताण नको वाटली तर २० वर्षांचंच घ्या आणि दर वर्षी बोनसमधून एक जादा हप्ता मुद्दलात भरा. तीन वर्षांहून अधिक मुदत कापली जाते. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, तेव्हा कुणी घाबरवलं तर ऐकू नका. भरताना मात्र लेखी द्या की हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा. पहिल्या पाच-सात वर्षांत भरलेला जादा रुपया सगळ्यात जास्त काम करतो.

तुझे बाबा म्हणतील, कर्ज हवंच कशाला. त्यांच्या वडिलांनी निवृत्तीच्या फंडातून साताऱ्याला घर बांधलं, एक रुपया उसना न घेता, आणि त्या घराचा त्यांना किती अभिमान होता ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तो मान खराच आहे. पण ५८ व्या वर्षी आजोबा त्या घरात राहायला गेले, तेव्हा मुलं शिकून घराबाहेर पडलेली होती. आपल्याकडे पगारदाराला घरासाठी कर्ज देणारी व्यवस्थाच १९७७ मध्ये एचडीएफसी निघाल्यानंतर हळूहळू रुजली. आजोबांपुढे दुसरा रस्ता फारसा नव्हता. गावाकडे स्वतःची जागा असेल, आधी दोन खोल्या, मग वरचा मजला असं टप्प्याटप्प्यानं बांधता येत असेल, तर बिनकर्जाचं घर आजही जमतं आणि मी त्यालाच आधी हात लावीन. ठाणे-डोंबिवलीत ते धरून बसलात तर भाव तुमच्या बचतीपुढे पळत राहतात. तेव्हा कर्ज घ्या, पण बँक देईल तेवढं नाही, तुम्ही तालीम केली असेल तेवढं. आणि म्हाडा-सिडकोच्या सोडतीत दर वेळी अर्ज टाका. अनामत परत मिळते, नशीब उघडलं तर सोनं.

कागदांचं मी थोडक्यात सांगणार होते, पण आपल्या डोंबिवलीत जे झालं ते पाहून थांबवत नाही. महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच, तो संकेतस्थळावर टाकून प्रकल्पाचं पान उघडा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायला कायद्यानं मनाई आहे. पण क्रमांक आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचा क्रमांक मिळवला होता, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी कर्जं काढली होती, करारनामे नोंदवले होते, मुलांच्या शाळा तिथल्या होत्या. ती बातमी वाचताना माझे हात गार पडले होते. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा. अर्धा दिवस रजा टाका. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून घ्या, बिल्डरनं दिलेल्या वकिलाकडून नाही. ‘थोडे वरचे रोख द्या’ म्हणाला तर तिथूनच उठा.

जुनं घर पाहिलंत तर भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचं अभिहस्तांतरण, हे दोन शब्द सोसायटीच्या सचिवांना विचारा. आमच्या बिल्डरनं घरं दिली, सोसायटी केली आणि जमीन नावावर करून न देता निघून गेला. पंचवीस वर्षं कुणाला काही वाटलं नाही. पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा कळलं की आमच्या पायाखालची जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरण मिळेपर्यंत तुझ्या काकांच्या फायली दोन पिशव्यांत मावेनात, आणि ते काम पुरं झालेलं पाहायला ते राहिले नाहीत. हे मी तुला याआधी सांगितलं नव्हतं.

आणि हो, जागा जुलैत पाहायची. भर पावसात, सकाळी आठला, तिथून स्टेशन गाठून. पाण्याचा टँकर किती वेळा येतो ते वॉचमनला विचार, सेल्समनला नको.

कर्ज मिळाल्याच्या आठवड्यात दोघांनी कर्जाएवढा साधा मुदतीचा विमा काढा, वेगळा, स्वस्तातला. बँकेच्या टेबलावरचाच घ्यायची सक्ती नसते. आणि ज्या दिवशी कर्ज फिटेल त्या दिवसापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत. उशीर बँकेमुळे झाला तर रोज ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमचा करारनामा परत मिळाला तेव्हा त्याच्या टाचणीला गंज चढला होता. सासूबाईंनी तो गंज पदरानं पुसला आणि करारनामा देवापुढे ठेवला.

९९ हजार आत्ता भरू नका. ही योजना गेली तर दुसरी येते. सोमवारी बँकेत जाऊन दोघांच्या नावानं आवर्ती ठेवीचं खातं उघडा, २१ हजारांचं. पासबुक मला दाखवायला आणशील तेव्हा तो पितळेचा डबा घेऊन जा. चिंचेनं घासून ठेवला आहे, आणि मधल्या वाटीत माझे पाचशे आहेत.