न गळणाऱ्या क्राऊनचं ऑईल बदलायचं कशाला?

प्रश्न : माझी बोलेरो पिकअप आहे, भावाचा दहा चाकी टिपर. दोन्ही गाड्या मुकुटबन-वणी पट्ट्यात कोळसा, गिट्टी, कापूस असा मिळेल तो माल वाहतात. इंजिन ऑईल आम्ही नेमाने बदलतो, पण मागच्या क्राऊनचं ऑईल गाडी घेतल्यापासून तसंच आहे. मिस्त्री म्हणतो, गळत नाही तोवर हात लावू नका. हे बरोबर आहे का? आणि स्वतः बदलायचं झालं तर कसं बदलायचं?
– एक वाचक, मुकुटबन (जि. यवतमाळ)

उत्तर : मिस्त्रीचं म्हणणं बरोबर नाही. क्राऊनचं, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचं, ऑईल जळत नाही, त्यामुळे ते कमी होत नाही. पण खराब मात्र होतं. इंजिनला फिल्टर असतो, क्राऊनला तो नसतो. दात झिजून पडलेली धातूची पूड त्याच ऑईलमध्ये राहते आणि तेच ऑईल पुन्हा बेअरिंगमध्ये जातं.

बहुतेक गाड्यांत क्राऊनला फिरवणारं छोटं गिअर, म्हणजे पिनियन, क्राऊनच्या मध्यरेषेच्या थोडं खाली बसवलेलं असतं. याला हायपॉइड रचना म्हणतात. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने 1926 साली ती आपल्या मोटारींत आणली. तिच्यामुळे जॉइंट शाफ्ट खाली येतो आणि गाडी कमी आवाज करते. पण यात दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, जोरात घासत सरकतात. साधं ऑईल तिथे टिकत नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाब आणि उष्णता वाढली की दातांवर त्यांचा पातळ थर तयार होतो. हे जीएल-5 दर्जाचं ऑईल. गिअरबॉक्सला अनेकदा जीएल-4 लागतं, कारण आतल्या पितळी रिंगांना काही जीएल-5 ऑईल मानवत नाहीत. दुकानात नुसतं ‘नव्वद नंबर द्या’ म्हणू नका. दर्जा आणि नंबर दोन्ही गाडीच्या पुस्तकात पाहून सांगा. पिकअपला साधारण 80डब्ल्यू-90 आणि जड टिपरला 85डब्ल्यू-140 सांगितलेलं आढळतं, पण शेवटचा शब्द पुस्तकाचाच.

किती किलोमीटरला बदलायचं, हेही पुस्तकातच बघा. फक्त ‘खडतर वापर’ या रकान्यात बघा. कोळशाची धूळ, भरलेला माल, विदर्भाचा उन्हाळा आणि खाणीचा रस्ता हा खडतर वापरच आहे.

आता बदलण्याबद्दल. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा, म्हणजे ऑईल पातळ होऊन मळासकट निघेल. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना उटी लावा. खाली शिरायला जागा नसेल तर स्टँड वापरा; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. आणि आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करा. तो गंजून अडकलेला असला आणि तुम्ही खालचा बोल्ट आधी उघडलात, तर ऑईल निघून जाईल आणि भरायला वाट उरणार नाही. वरचा सुटला, की मगच खालचा काढा.

पुष्कळ गाड्यांच्या खालच्या बोल्टला चुंबक असतं. तो पुसण्याआधी नीट बघा. काजळासारखा मऊ करडा लेप असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज आहे. पण बोटाला टोचतील असे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर नवं ऑईल भरून उपयोग नाही, क्राऊन उघडावाच लागेल. ऑईल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. तापलेला एक्सल नाल्याच्या पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (एक्सलच्या वरच्या हवेच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी ओढते. पैनगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात नाले ओलांडणाऱ्यांनी म्हणून दसऱ्याच्या सुमारास एकदा ऑईल तपासावंच.

खालचा बोल्ट नव्या वॉशरसह घट्ट करा आणि वरच्या भोकातून पंपाने ऑईल भरा. भोकाच्या खालच्या काठापर्यंत आलं, बाहेर ओघळायला लागलं, की थांबा. गाडी एका बाजूने उचललेली असेल तर ही पातळी खोटी ठरते. जास्त भरणंही वाईट. त्यात एक्सलच्या वरची ब्रीदरची छोटी टोपी चिखलाने आणि कोळशाच्या धुळीने बुजलेली असली, तर आतला दाब ऑईलला चाकाच्या सीलमधून बाहेर ढकलतो. ते ड्रमवर गेलं की भरल्या गाडीचा ब्रेक लागत नाही. ही टोपी मिस्त्रीकडून हमखास सुटते. तुम्ही स्वतः साफ करा.

भावाच्या टिपरला मागे दोन एक्सल ओढणारे असतील तर क्राऊनही दोन. एकाचं बदलून दुसऱ्याचं विसरू नका. खाणीतल्या काही टिपरना चाकाच्या हबमध्येही गिअर असतात, त्यांचं ऑईल वेगळं तपासावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागून घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि पाय काढला की बदलत असेल, तर पुढच्या फेरीची वाट न बघता गाडी दाखवा.

निघालेलं जुनं ऑईल वावरात, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या.