शिपायाचें नांव

युद्धाच्या इतिहासांत सेनापतींचीं नांवें सहज सांपडतात. परंतु ज्यानें खंदक खणला, उपास काढले व जो परक्या मातींत पडला, त्या साध्या शिपायाची हकीकत क्वचितच वाचावयास मिळते. आज आम्ही त्याच्याविषयीं तीन गोष्टींचा विचार करूं.

१. त्याचें जीवन. पहिलें महायुद्ध १९१४ सालीं सुरू झालें, तेव्हां हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. जमीन थोडी व खाणारीं तोंडें फार, म्हणून कोंकणांतील व घाटावरील पुष्कळ शेतकऱ्यांचे मुलगे मराठा पलटणींत चाकरीस राहत. यांपैकीं १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, जनरल टाउनशेंड याच्या फौजेंत होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्यें बगदादजवळ टेसिफोन येथें मोठी लढाई झाली. तींत इतकीं माणसें पडलीं कीं, फौजेस माघार घेऊन तैग्रीस नदीकांठच्या कूत गांवीं यावें लागलें.

२. त्याचें मरण. डिसेंबर महिन्यांत तुर्कांनीं कूतला वेढा दिला. तो जवळजवळ पांच महिने चालला. धान्य सरत आलें, तेव्हां घोडे मारून खाण्याची पाळी आली. तें मांस खाण्यास हरकत नाहीं, असा निरोप हिंदुस्थानांतील धर्मपुढाऱ्यांकडून मागविण्यांत आला. तरी पुष्कळ हिंदी शिपायांनीं फार दिवस तें तोंडास लावलें नाहीं. घरीं परतल्यावर आपल्याला पंक्तीस कोण घेईल, ही भीति भुकेहून मोठी होती. हिरड्या सुजून कित्येक आजारी पडले व मेले. कूत सोडविण्यास निघालेल्या फौजेचे सुमारें २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा उठला नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोक शरण गेले. अशक्त झालेल्या त्या कैद्यांस उन्हांतून पायीं नेण्यांत आलें. कित्येक वाटेंत पडले. कित्येक रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या कामावर मेले.

३. त्याचें नांव. युद्धांत पडलेल्यांच्या कबरींची व्यवस्था पाहण्यासाठीं १९१७ सालीं एक आयोग स्थापन झाला. अधिकारी व शिपाई असा भेद न करितां प्रत्येकाचें नांव दगडावर असावें, हें त्याचें तत्त्व होतें. फ्रान्स देशांत न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी लोकांचीं नांवें कोरलीं आहेत. परंतु मेसापोटेमियांत मेलेल्यांसाठीं बसरा येथें १९२९ सालीं स्मारक झालें, तेव्हां अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं आणि हिंदी शिपायांच्या पलटणीखालीं केवळ मेलेल्यांची संख्या घातली गेली. हा शिपाई त्याच सैन्यांतला, त्याच पगाराचा. फ्रान्सांत मेला तर त्यास नांव मिळालें, इराकांत मेला तर आंकडा! २०२१ सालीं आयोगाच्याच चौकशी-समितीनें सांगितलें कीं, पहिल्या महायुद्धांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण इतरांच्या बरोबरीनें झालेलें नाहीं. आयोगानें त्याबद्दल क्षमा मागितली.

आपल्या देशांतील पुष्कळ गांवांत त्या युद्धाचा एक दगड आढळतो. त्यावर या गांवचे इतके लोक लढाईस गेले व इतके मेले, एवढेंच लिहिलेलें असतें. तो आंकडा खोटा नाहीं. परंतु आंकड्यावरून कोणत्याहि आईस आपला मुलगा ओळखतां येत नाहीं. तो दगड पाहून आम्हांस वाटतें कीं, दूरच्या अधिकाऱ्यांस दोष देऊन आपण मोकळे होऊं नये. आपल्याच गांवच्या मृतांचीं नांवें आपणांस तरी ठाऊक आहेत काय? आयोगाच्या याद्यांत बसरा येथील शिपायांचीं नांवें आहेत, व तीं आज कोणासहि शोधतां येतात. घरांतील जुनीं पदकें, पेन्शनचे कागद व वृद्धांच्या आठवणी यांवरूनहि पुष्कळ कळूं शकतें. तें नांव, बापाचें नांव व पलटण एका वहींत लिहून ठेवावीं. वृद्ध मंडळी गेल्यावर हें काम व्हावयाचें नाहीं.

विचारासाठीं प्रश्न:

१. कूत येथील शिपायास भुकेपेक्षां कशाची भीति अधिक वाटली? तशी भीति आपण अजून कोणास घालतों काय?

२. फ्रान्स व बसरा येथील स्मारकांत कोणता भेद होता?

३. आपल्या गांवांतून युद्धास गेलेल्या कोणत्या माणसाचें नांव आपण आज लिहून ठेवूं शकतों?