बातमीची साथ आणि मुलांचे मन

२०२० साली करोनाची साथ आली आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यातही शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. २०२१ साली तर दहावी-बारावीची अख्खी परीक्षाच रद्द झाली. अशा अधांतरी दिवसांत पोरांच्या हाती उरला तो मोबाईल. अभ्यास त्याच्यावर, आणि मरणाच्या बातम्याही त्याच्यावरच!

जागतिक आरोग्य संघटनेने माहितीच्या या पुरालाही साथच म्हटले. भ्यालेले मन धीर मिळावा म्हणून बातमी शोधते. ती बातमी भय वाढवते, की पुन्हा शोध सुरू. मग झोप कशी यावी, पाठांतर कसे व्हावे?

मुलावर रागावून हे सुटत नाही. आलेला मजकूर खरा की खोटा न पाहता पुढे धाडतो तो आपणच ना? तेव्हा पुन्हा साथ आली तर पथ्य आपण आधी धरू. बातमी दिवसातून एकदा, सर्वांनी मिळून, आरोग्य खात्याची पाहावी. निजताना मुळीच नको. मुलाचे भय हसण्यावारी न नेता ऐकून घ्यावे. झोप-भूक उडाली तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

श्रवण ही पहिली भक्ती. काय ऐकावे आणि काय नको, हा विवेकही तिच्यातच आला.