टपालांतून धाडलेला चेक

समजा, लातूरच्या एका गृहस्थानें नांदेडच्या वसतिगृहांत राहणाऱ्या आपल्या मुलाच्या फीचा चेक पाकिटांत घालून टपालाच्या पेटींत टाकला आणि तें पाकीट वाटेंत चोरीस गेलें. चोराच्या हातीं रोकड आली नाहीं, केवळ कागद आला. त्या कागदाचे पैसे होणें न होणें हें पुष्कळ अंशीं चेक लिहिणाऱ्याच्या सावधगिरीवर अवलंबून असतें.

हा प्रश्न नवा नव्हे. चेक येण्यापूर्वीं आपले व्यापारी हुंडीनें व्यवहार करीत. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारांत पत असलेल्या शाहासच मिळत, वाटेल त्यास नव्हे. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत, व तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून देत.

चेकावर हेंच रक्षण दोन समांतर तिरकस रेघा करितात. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याप्रमाणें असा चेक खिडकीवर वटत नाहीं. पैसे एका बँकेकडून दुसऱ्या बँकेस, म्हणजे खात्यांतच जातात, आणि खात्याचा माग लागतो. ‘अकाउंट पेयी’ असें लिहिल्यास रक्कम नांव असलेल्याच्याच खात्यांत जमा व्हावयास हवी. रेघा नसलेला ‘बेअरर’ चेक मात्र जो आणील त्याचा!

तरीही धोका संपत नाहीं. चोर रसायनानें शाई धुऊन नांव व रक्कम बदलतात. खोट्या सहीवर पैसे देण्याचा अधिकार बँकेस नाहीं. परंतु बदल डोळ्यांस दिसण्याजोगा नसेल आणि बँकेनें रीतसर पैसे दिले असतील, तर कायदा बँकेस संरक्षण देतो. नुकसान मग लिहिणाऱ्याच्या पदरीं येऊं शकतें.

म्हणून पक्की शाई वापरावी, मोकळी जागा रेघेनें बंद करावी, आणि चेकाचा क्रमांक, तारीख व रक्कम टिपून ठेवावी. पन्नास हजारांच्या व त्याहून मोठ्या चेकाचा तपशील बँकेस आधीं कळविण्याची ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. तिचा लाभ घ्यावा. चेक पोंचला नाहीं असें कळतांच पैसे थांबविण्याची लेखी सूचना द्यावी. चेकाची मुदत तीन महिन्यांची असते. तोंवर चोरलेला कागदही जिवंत असतो, आणि पैसे गेल्यावर दिलेली सूचना व्यर्थ होय.

आज खात्यांतून खात्यांत पैसे क्षणांत धाडतां येतात व टपालाची वाट टळते. पण तेथेंही क्रमांक दोनदां वाचावा लागतोच. साधन बदलतें, सावधपणाचें काम बदलत नाहीं.