जहाजावरून ड्रोन : खर्च किती, धोका कुठे आणि उडवायचा कधी?

मर्चंट नेव्हीतल्या बहुतेक तरुण अधिकाऱ्यांना कधी ना कधी वाटतंच, की आपलं जहाज वरून कसं दिसतं ते घरच्यांना दाखवावं. रत्नागिरीत किंवा पुण्यात बसलेल्या आईवडिलांना सव्वादोनशे मीटर लांबीचं बल्क कॅरियर म्हणजे नेमकं काय, हे फोनवर सांगून कळत नाही. कॅमेरा ड्रोनच्या दोन मिनिटांच्या चित्रणात ते कळतं. इच्छा रास्त आहे आणि खर्चही आवाक्यातला आहे. मात्र दुकानात सांगितलेली किंमत म्हणजे जेमतेम अर्धा खर्च. उरलेला अर्धा कुठून येतो आणि तो कसा टाळता येतो, हे खरेदीच्या आधी समजून घ्यायला हवं.

पहिली पायरी बिनखर्चाची

कार्डला हात लावण्याआधी कंपनीचं धोरण वाचा आणि कॅप्टनला विचारा. जहाजाच्या सुरक्षिततेबाबत शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. तो ‘नाही’ म्हणाला तर विषय तिथेच संपला. अनेक कंपन्या लेखी परवानगी आणि रिस्क असेसमेंट मागतात. चित्रण सोशल मीडियावर टाकायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, कारण माल, डेकवरची कामं आणि सहकाऱ्यांचे चेहरे त्यात येतात.

तुम्ही ऑइल, केमिकल किंवा गॅस टँकरवर असाल तर ड्रोनचा विचारच सोडा. त्या डेकवर ज्वलनशील वाफा असू शकतात, म्हणून साधा मोबाइलही चालत नाही. ड्रोनच्या मोटर आणि लिथियम बॅटरी अशा ठिकाणासाठी बनवलेल्या नसतात. बल्क कॅरियर, कंटेनर जहाज आणि जनरल कार्गो यांच्यापुरताच हा लेख आहे. क्रूझवर प्रवासी म्हणून जाणाऱ्यांनी तर ड्रोन घरीच ठेवावा, कारण क्रूझ कंपन्या प्रवाशांना डेकवरून उड्डाण करू देत नाहीत.

ड्रोन हरवतो तो कशामुळे?

उड्डाण घेताना ड्रोन आपली जागा ‘होम पॉइंट’ म्हणून जीपीएसवर नोंदवतो. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की तो त्या बिंदूकडे परततो. मैदानात ही सोय जीव वाचवते, समुद्रात तीच घात करते. १२ नॉट वेगाने चाललेलं जहाज मिनिटाला ३७० मीटर पुढे सरकतं. दहा मिनिटांत ते पावणेचार किलोमीटर दूर गेलेलं असतं. ड्रोन मात्र जुन्या बिंदूवर इमानाने परत येतो आणि तिथल्या पाण्यात उतरतो.

वाऱ्याचं गणित याहून कडक आहे. २५० ग्रॅमच्या आतला डीजेआय मिनी ४ प्रो घ्या. त्याचा कमाल वेग सेकंदाला १६ मीटर आहे. समोरून २० नॉट वारा असेल तर त्यातले १० मीटर वाऱ्याशी झगडण्यातच जातात आणि हातात उरतात जेमतेम पावणेसहा. त्याच वाऱ्याच्या तोंडावर १२ नॉटने चाललेलं जहाज सेकंदाला सहा मीटरहून थोडं जास्त अंतर कापतं. म्हणजे ड्रोन एकदा मागे पडला की पूर्ण वेगातही जहाज गाठू शकत नाही. चालवणाऱ्याचं कौशल्य इथे कामाला येत नाही.

यात पोलादाचीही भर पडते. पोलादी डेकवर ड्रोनचा कंपास बहकतो. रडार, सॅटेलाइट डोम आणि जहाजावरचं वायफाय सिग्नलला त्रास देतात. डेक डोलत असेल तर सुरू होताना ड्रोनला स्थिर पातळी सापडत नाही. खाली पाणी असलं की जमीन ओळखणारे सेन्सर गोंधळतात. अॅकोमोडेशनच्या आडोशाला वाऱ्याचे भोवरे तयार होतात, शिवाय फनेलचा गरम धूर असतोच.

कायदा आणि वेग यांची कात्री

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत त्या त्या देशाचा कायदा चालतो. बंदरात आणि बहुतेक अँकरेजवर जहाज थांबलेलं असतं, पण तिथे स्थानिक परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्याचे नियम लागतात. तिथे कायद्याची अडचण कमी, पण जहाज चालू असतं. जिथे उडवणं सोपं तिथे मनाई आणि जिथे मोकळीक तिथे वेग, अशी ही कात्री आहे.

यातून वाट एकच निघते : ड्रिफ्टिंग. बर्थ मिळायला वेळ असला किंवा पुढच्या ऑर्डरची वाट पाहायची असली की जहाज बऱ्याचदा किनाऱ्यापासून दूर इंजिन थांबवून तरंगत राहतं. १२ मैलांच्या बाहेर, दिवसाउजेडी, हलक्या वाऱ्यात जहाज ड्रिफ्टिंगवर असेल तेव्हाच ड्रोन काढा. चालत्या जहाजावरून घेतलेलं चित्रण जास्त देखणं दिसतं, हे खरं. पण त्यासाठी आणखी काही हजार रुपये मोजून सुरक्षितता विकत मिळत नाही. थांबलेल्या जहाजावरून उडवलं की ती फुकट मिळते.

काही देशांबाबत विशेष जपा. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीशिवाय ड्रोन नुसता बाळगणंही गुन्हा आहे. सुएझमधून जाणाऱ्या प्रत्येक खलाशाशी या नियमाचा थेट संबंध येतो. मोरोक्कोत खासगी ड्रोन आत नेता येत नाही. म्हणून ड्रोन कधीही लपवून ठेवू नका. कॅप्टनला सांगून बंदरात द्यायच्या क्रूच्या सामानाच्या यादीत त्याची नोंद करून घ्या. तपासणीत नोंद नसलेला ड्रोन सापडला तर त्रास तुमच्याबरोबर जहाजालाही होतो.

भारतीय किनाऱ्यावर नौदलाच्या तळांपासून ३ किलोमीटरच्या आत ड्रोनला मनाई आहे. त्यामुळे मुंबई बंदर, गोवा आणि कोची इथे जहाजावरून हौसेने ड्रोन उडवायचा विचारही करू नका. मुंबई पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघत असतात.

खर्चाचा हिशेब

खालचे आकडे एक डॉलर म्हणजे ८५ ते ९० रुपये धरून काढले आहेत. ड्रोनची किंमत तो अमेरिकेच्या बाजारात आला तेव्हाची आहे. देश आणि दुकान बदललं की त्यात फरक पडेल.

• ड्रोन : २५० ग्रॅमच्या आतला मिनी ४ प्रो ७५९ डॉलर, म्हणजे सुमारे ६५ ते ६८ हजार रुपये. ७२० ग्रॅमचा एअर ३ हा १,०९९ डॉलर, म्हणजे ९३ ते ९९ हजार. एअर ३ वाऱ्यात जास्त तग धरतो. पण बऱ्याच देशांत २५० ग्रॅमची रेषा ओलांडली की नियम वाढतात आणि डोलत्या डेकवर हाताने झेलायला हलका ड्रोन बरा. पहिल्या खरेदीला हलकाच घ्या.

• दोन जादा बॅटऱ्या : प्रत्येकी ६५ डॉलरच्या आसपास, दोन्हींचे ११ ते १२ हजार. विमानात जादा बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. मिनी ४ प्रोची साधी बॅटरी १९ वॉट-तासांच्या आत आहे.

• किरकोळ सामान : जादा पंखे, मेमरी कार्ड, जाड हातमोजे, सेफ्टी गॉगल आणि बॅटरीसाठी आगरोधक पिशवी. ६ ते ८ हजार धरा.

• नुकसान निधी : आणखी एका ड्रोनची पूर्ण किंमत, ६५ ते ६८ हजार.

एकूण बेरीज दीड लाखाच्या आसपास जाते. शेवटची बाब पाहून अनेकजण कचरतात, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. समुद्रात पडलेला ड्रोन परत मिळत नाही. ही रक्कम बाजूला ठेवणं जड जात असेल तर ड्रोन घेऊ नका. ज्याला तो गमावणं परवडत नाही, तो माणूस ड्रोन वाचवायला रेलिंगवरून वाकतो. असं वाकताना माणूस पाण्यात पडू शकतो.

विमा घेताना

उत्पादकाच्या संरक्षण योजनेत पाण्यात भिजलेला ड्रोन बदलून मिळतो, पण तुटकाफुटका का होईना, तो परत द्यावा लागतो. तळाशी गेलेला ड्रोन परत द्यायचा कुठून? काही योजनांत हरवलेल्या ड्रोनसाठी वेगळं कलम असतं, ते शोधून वाचा. बहुतेक योजना जिथे ड्रोन घेतला त्या देशापुरत्याच चालतात. तुमच्या ड्रोनमुळे कोणाला इजा झाली तर जहाजाचा विमा ती भरपाई देईल, असं गृहीत धरू नका. कंपनीकडून हे लेखी विचारून घ्या.

परदेशी ड्रोन घरी आणता येतो का?

इथे अनेकांची फसगत होते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद आहेत. साइन ऑफ करून मुंबई विमानतळावर उतरल्यावर ‘ड्यूटी भरतो आणि नेतो’ म्हणायची सोय नाही. कस्टमच्या जाहीरनाम्यात ड्रोनचा स्पष्ट उल्लेख असतो, तेव्हा लपवाछपवी करू नका. सिंगापूरला स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला ड्रोन विमानतळावरच जाऊ शकतो.

मग मार्ग काय? सर्वांत चांगला मार्ग म्हणजे कंपनीलाच जहाजासाठी ड्रोन घ्यायला सांगणं. होल्डचा वरचा भाग, क्रेनचं टोक, हलबाहेरचा गंज अशा ठिकाणी माणूस चढवण्याआधी ड्रोनने पाहता येतं. क्लासिफिकेशन सोसायट्याही आता ठरावीक तपासण्यांत ड्रोनचा वापर मान्य करतात. कंपनीच्या मालकीचा ड्रोन जहाजावरच राहतो, तुमच्या खिशाला झळ बसत नाही आणि घरी आणायचा प्रश्नही उरत नाही. ते जमलं नाही तर साइन ऑफच्या वेळी तो सहकाऱ्याला विकायची तयारी ठेवा. भारतात घेतलेला ड्रोन बाहेर नेत असाल तर निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

शिकायला किती पैसे?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी आणि २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनच्या बिगरव्यावसायिक वापरासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन काम करायचं असेल तर मायक्रो आणि त्यावरच्या ड्रोनसाठी ते घ्यावंच लागतं. डीजीसीए-मान्य संस्थांची फी साधारण ३० ते ६५ हजारांच्या दरम्यान असते. सरकारी शुल्क फक्त १०० रुपये आहे. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. निव्वळ हौसेसाठी एवढी फी भरायची गरज नाही. मात्र सुटीत, ग्रीन झोनमधल्या (जिथे आधी परवानगी लागत नाही अशा) मोकळ्या मैदानात, कोणाचा तरी भारतीय नॅनो ड्रोन घेऊन हात बसवल्याशिवाय समुद्रावर जाऊ नका. ड्रोन आपल्याकडे तोंड करून येत असतानाही डावं-उजवं चुकत नाही, इतका सराव हवा.

उडवण्याच्या दिवशी

१. ब्रिजला कळवा, वॉचवरच्या अधिकाऱ्याशी रेडिओ चालू ठेवा. हेलिकॉप्टर किंवा पायलट बोट येणार असेल तर उड्डाण नाही.

२. वाऱ्याची मर्यादा १० नॉट. लाटांच्या माथ्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागला की थांबा. मिनी ४ प्रोची अधिकृत मर्यादा २० नॉटच्या पुढे आहे, पण डोलत्या डेकवर झेलताना तिचा भरवसा नको.

३. तीन माणसं लागतात : चालवणारा, ड्रोनवर सतत नजर ठेवणारा आणि हातमोजे, गॉगल व हेल्मेट घातलेला झेलणारा. ड्युटीवरच्या माणसाला यात ओढू नका.

४. कंपास जमिनीवरच कॅलिब्रेट करून या, डेकवर नको. उड्डाण अॅकोमोडेशन, रडार आणि क्रेनपासून दूर, बंद हॅच कव्हरवरून करा आणि रेलिंगपासून लांब उभे राहा.

५. सिग्नल तुटल्यावर ‘परत ये’ऐवजी ‘जागेवर थांब’ हा पर्याय निवडा. ड्रिफ्टिंगवरही जहाज एक नॉटने सरकलं तर दहा मिनिटांत ३०० मीटर हलतं, म्हणून होम पॉइंट दर दोन-तीन मिनिटांनी नव्याने नोंदवा.

६. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका, ३०० मीटरच्या आत ठेवा. अॅकोमोडेशनच्या मागे गेला की सिग्नल तुटतो.

७. निम्मी बॅटरी संपली की परत. डेकवर आपोआप उतरवू नका, कारण ड्रोन हवेत स्थिर राहतो आणि डेक खालून सरकतो. हाताने झेला. चालवणाऱ्याने थ्रॉटल पूर्ण खाली धरावा आणि पंखे थांबेपर्यंत झेलणाऱ्याने पकड हलवू नये.

८. पाण्यात पडत असेल तर पडू द्या. त्यासाठी कोणीही रेलिंगवर चढायचं नाही, हे उड्डाणाआधी तिघांनी एकमेकांना मोठ्याने सांगावं.

९. काम झालं की गोड्या पाण्यात ओलसर केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करा. मिठामुळे मोटरचे बेअरिंग लवकर खराब होतात. बॅटऱ्या केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. जहाजावर आग लागली तर अग्निशामक दल म्हणजे तुम्हीच.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च कराल?

आधी परवानगी, मग सराव, मग नुकसान निधी आणि शेवटी ड्रोन. बहुतेकजण हा क्रम उलटा लावतात आणि हातात ड्रोन आला की परवानगी नसताना, जोरदार वाऱ्यात, चालत्या जहाजावरून उडवायचा मोह होतो. सहा-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये शांत समुद्र, ड्रिफ्टिंग आणि कॅप्टनचा होकार असा योग थोड्या वेळाच येतो. त्या थोड्या वेळा पुरेशा आहेत. तो योग आला नाही तर त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ड्रोन पेटीतच राहू द्या. चित्रण पुढच्या जहाजावरही करता येईल.