हळू स्विंगला कोणता गोल्फ बॉल?

प्रश्न : वय ६६. ड्रायव्हरच्या स्विंगचा वेग ताशी ८० मैल. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या मैदानावर खेळतो. मऊ बॉल घेतला तर फटका लांब जाईल का?

उत्तर : केवळ मऊपणामुळे नाही. कमी कॉम्प्रेशनचा बॉल फटक्याला मऊ लागतो, हाताला झिणझिण्या कमी येतात. पण त्याने वेग वाढतोच असं नाही. उलट, कडक बॉल हळू स्विंगलाही बहुधा थोडा जास्त वेग देतो. मऊ बॉलचा खरा फायदा म्हणजे ड्रायव्हरवर त्याची फिरकी सहसा कमी असते, त्यामुळे तो वाकडा कमी जातो.

कॅलवे सुपरसॉफ्ट, स्रिक्सन सॉफ्ट फील किंवा टायटलिस्ट ट्रूफील हे याच वर्गातले बॉल, आणि युरेथेन आवरणाच्या महागड्या बॉलपेक्षा स्वस्तही. युरेथेनचा फायदा असतो तो ग्रीनजवळ. छोट्या चिपला त्याची फिरकी जास्त मिळते आणि बॉल लवकर थांबतो. चिपवर भिस्त असेल तर तिथे कंजुषी नको.

पावसाळ्यात मावळातलं गवत भिजून जड होतं, बॉल टप्पा खाऊन फारसा घरंगळत नाही. म्हणून उंच उडणारा बॉल निवडावा.

डिसेंबरच्या थंड पहाटे बॉल कडक होतो आणि उसळी कमी देतो. तो रात्रभर गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावा. मात्र मुद्दाम तापवलेल्या बॉलने फटका मारणं नियमाविरुद्ध आहे.

दोन प्रकारचे तीन-तीन बॉल घेऊन आधी पुटिंग, मग चिपिंग आणि शेवटी ड्राइव्ह, या क्रमाने पारखावेत.