होकार लगेच आला, तर थांबा

पैठणीच्या पदरात रंग बदलला की तिल्ली, म्हणजे रंगीत धाग्याची छोटी कांडी, बदलते. नक्षी कागदावरच्या चौकटींवर मोजायची, मग ती मागावर उतरवायची. येवल्यात हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. त्यावर मी मोबाइलचा एक खेळ केला आणि त्याबद्दलचा निबंध डिजिटल माध्यमांवरच्या एका ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदेला पाठवला. दुसऱ्याच दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं, त्याच पत्रात शुल्काची मागणीही होती.

मुंबईतल्या हॉटेलात एकाच दालनात कुक्कुटपालन, परिचर्या आणि पूलबांधणी या विषयांचे वक्ते आमच्याबरोबर बसवले होते. मी बोललो, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. प्रश्न एकही आला नाही. खेळ कुणी उघडूनही पाहिला नाही. घरच्या पैशांनी मनमाड गाठून गाडी पकडणाऱ्या मुलाला ही फसवणूक फार महाग पडते, म्हणून हे लिहितो आहे.

अशा परिषदांचा धंदा जुना आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक वाक्यांचा निबंध लिहून घेतला, आणि एका परिषदेनं तो स्वीकारलाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्याच न्यायालयानं हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन-परिषद कंपनीला 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला. नामवंतांची नावं त्यांच्या संमतीशिवाय वापरणं हा त्यातला एक ठपका होता.

म्हणून परिषदेच्या समितीतल्या दोघांना तरी थेट ईमेल करा, नाव त्यांनी स्वतः दिलंय का ते विचारा. त्यांनी खेळांवर काय लिहिलंय ते शोधा. खेळांवरचं खरं संशोधन कसं असतं ते आधी पाहा: 2001 पासून निघणारं ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक फुकट वाचता येतं. 2003 मध्ये उट्रेख्टला पहिली परिषद भरवणाऱ्या ‘डिग्रा’ या संशोधक संघटनेचे जुने निबंधही खुले आहेत. खऱ्या परीक्षकांचा अभिप्राय यायला वेळ लागतो आणि तो बऱ्याचदा बोचतो. तो बोचला तर आनंद माना, कुणीतरी तुमचं लिखाण वाचलं आहे.

निबंध नसून नुसता खेळच दाखवायचा असेल, तर अनेक वर्षं हैदराबादला भरलेल्या आयजीडीसीसारख्या मेळाव्याचा विचार करा. तिथे खेळ बनवणारेच भेटतात. खेळ इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. समोरच्याच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा. तो कुठे अडतो ते लिहून घ्या.

ही सवय मला संक्रांतीत लागली. पतंगांसाठी येवल्यात पाहुणे येतात, तेव्हा गच्चीवरच्या पोरांना मी खेळ दिला. एका विणकराच्या मुलानं लगेच सांगितलं, “दादा, मोराच्या मानेत रंग इथे बदलत नाही.” मुंबईच्या त्या दालनात असं बोलणारं कुणीच नव्हतं.

तुमच्याकडे असं निमंत्रण आलं असेल, तर पैसे भरण्याआधी ते कॉलेजच्या ग्रंथपालांना नक्की दाखवा.